यंत्राची करवत आणि उभ्या झाडाचा खंड

दिवाळी उलटली की ठाणे-पालघरपासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतच्या जंगलांत कुपांची तोड सुरू होते आणि ती पावसाच्या तोंडापर्यंत चालते. कोकणातील खाजगी डोंगरांवरची तोडही याच दिवसांतली. या हंगामाचे रूप आता पालटले आहे. कुऱ्हाड आणि दोघांनी समोरासमोर ओढावयाची करवत यांची जागा पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉने घेतली आहे. ओंडके बैलगाडीऐवजी ट्रॅक्टरने निघतात आणि ट्रक भरण्यासाठी रस्त्याच्या कडेला जेसीबी उभा असतो. जे झाड पाडून, सोलून, नग पाडण्यात दोन माणसांचा दिवस जात असे, ते आता न्याहारीपूर्वी आडवे होते.

आमच्या कार्यकर्त्यांत याविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की यंत्राने जंगल कामगाराची रोजी बुडते, सबब यंत्राला विरोध केला पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो की करवत ओढून छाती फुटणाऱ्या माणसाची त्या कष्टातून सुटका होत असेल, तर समाजवाद्यांनी तिचे स्वागतच करावे. दोन्ही मतांमागे माणसाविषयीची कळकळ आहे, यात शंका नाही. परंतु दोन्ही पक्ष करवतीकडे पाहतात आणि झाडाकडे पाहत नाहीत. झाड उभे असताना ते कोणाच्या मालकीचे होते, हा प्रश्न आधी विचारला म्हणजे यंत्राच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप निराळे मिळू लागते.

थोडे अर्थशास्त्र येथे अपरिहार्य आहे. लाकडाचा भाव जंगलात ठरत नाही, तो वखारीत आणि लिलावात ठरतो. त्या भावातून तोडणीचा आणि वाहतुकीचा खर्च वजा जाता जे उरते, ती उभ्या झाडाची किंमत. रिकार्डोने जमिनीच्या खंडाची जी मीमांसा केली तिचाच हा एक प्रकार होय. उदाहरणादाखल समजा, एका नगाला बाजारात शंभर रुपये येतात. तोडणीला तीस रुपये, वाहतूक आणि आगाराचा खर्च वीस. म्हणजे उभ्या झाडाची किंमत पन्नास. आता यंत्र आले आणि तोडणीचा खर्च तिसावरून बारावर उतरला. बाजारातील शंभर रुपये शंभरच राहिले, कारण पालघरच्या एका कुपात चेनसॉ आली म्हणून सागाचा भाव उतरत नाही. मग वाचलेले अठरा रुपये कोठे गेले? ते उभ्या झाडाच्या किमतीत जाऊन बसले. पन्नासाचे अडुसष्ट झाले. आधीच्या दराने करार झाला असेल तर पहिल्या एखाद्या हंगामात हे अठरा रुपये ठेकेदार खाईल. पुढल्या बोलीत मात्र ते झाडाच्या मालकाकडेच वळतील. तोडणाऱ्याकडे ते कोणत्याही वाटेने येत नाहीत. उलट तिसाच्या जागी आलेल्या बारा रुपयांतूनच त्याला पेट्रोल, साखळी आणि दुरुस्तीही भागवावी लागते.

अर्थात यंत्राने निर्माण केलेली बचत ही खंडाच्या रूपाने जमीनधारकाला मिळते. म्हणून जंगलातील यंत्राचा प्रश्न हा मुळात कुळाचा प्रश्न आहे, असे आम्ही म्हणतो.

मग उभ्या झाडाचा धनी कोण? या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास मोठा बोलका आहे. १८७८ च्या वन कायद्याने सरकार सर्वांत मोठे जंगलमालक झाले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून त्याविरुद्ध इतका कल्लोळ उठला की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला आणि १८८७ साली त्याचा अहवाल आला. सरकारच्या हाती न गेलेले डोंगर खोत, इनामदार आणि सावकार-जमीनदार यांच्या ताब्यात राहिले. १९३९ साली प्रसिद्ध झालेला सिमिंग्टनचा अहवाल वाचला म्हणजे दिसते की डहाणू-उंबरगाव भागात जमीनदार, सावकार आणि जंगलाचा ठेकेदार या तिघांच्या कात्रीत एकच वारली सापडलेला होता. शेतात तो कूळ होता, घरात ऋणको होता आणि कुपात मजूर होता. लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या वेठीला धरलेला लग्नगडी ही याच व्यवस्थेची पैदास.

१९४५ पासून वारल्यांनी जो लढा दिला, त्याचे नेतृत्व आमच्या विचाराच्या लोकांकडे नव्हते. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने तो उभा केला, आणि त्याचे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले पाहिजे. त्या लढ्यात १९४६ साली जंगलतोडीच्या कामाला रोजी सव्वा रुपया मिळावा म्हणून संप झाला. त्या सव्वा रुपयाचा अर्थ कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. लाकडाचा भाव मजुराच्या हाती नव्हता, झाड त्याचे नव्हते. तरीही संघटनेच्या बळावर त्याने खंडातला एक तुकडा ओढून आपल्या मजुरीत आणला. मजुरी वाढविणे हा उभ्या झाडाच्या किमतीत वाटा मागण्याचा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग प्रत्यक्ष झाडावर हक्क मागण्याचा.

त्या दुसऱ्या मार्गाने दोन पावले पडली. बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघू लागल्या. कूप ठेकेदाराऐवजी संस्थेला द्यावयाचे, सभासदांनी तोड करावयाची, आणि विक्रीनंतर मजुरीखेरीज नफ्यातही संस्थेचा वाटा, अशी ही योजना. जंगल मजुराला उभ्या झाडाच्या किमतीत हिस्सेदार मानणारी मुंबई राज्यातील ही पहिली सरकारी योजना, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. पुढे पुष्कळ ठिकाणी ठेकेदार मागच्या दाराने शिरला, भांडवल त्याचे आणि पाटी संस्थेची अशी अवस्था झाली, हे खरे आहे. पण कल्पना चुकीची नव्हती.

दुसरे पाऊल कुळकायद्याचे. खोतीविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून केलेला दीर्घ संप, डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली विधिमंडळात मांडलेले खोती निर्मूलनाचे विधेयक आणि अखेर १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा ही परंपरा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यातील एक तरतूद मात्र फारच थोड्यांच्या लक्षात असते. कुळाच्या जमिनीत आपोआप वाढलेल्या झाडांच्या उत्पन्नात दोन-तृतीयांश वाटा कुळाचा आणि एक-तृतीयांश जमीनमालकाचा, असे तो कायदा सांगतो. किती कुळांच्या पदरात हा वाटा पडला? १ एप्रिल १९५७ रोजी कूळ जमिनीचे मालक मानले गेले, पण नोंद असलेले कूळ. ज्याची नोंद नव्हती, ज्याने दडपणाखाली राजीनामा लिहून दिला, त्याला त्या दिवसाचा उपयोग झाला नाही. आणि जेथे झाला तेथेही खालचे भातखाचर कुळाच्या नावे आणि वरची वरकस, तिच्यावरचे गवत आणि साग-ऐन-किंजळ जमीनदाराकडे, अशी वाटणी बऱ्याच गावांत राहून गेली. पोटाला भात मिळाला. पैशाचे झाड हातचे गेले. भर म्हणून १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा काही जमिनी सरकारजमा झाल्या, आणि एकाच गटावर कुळाचा दावा आणि वनाची नोंद अशी दुहेरी भानगड उभी राहिली.

येथे यंत्राने जो नवा अनर्थ केला आहे, त्याकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. कुळाचा दावा तहसीलदाराकडे चालतो, तेथून प्रांताकडे, मग महसूल न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय. वीस वर्षे ही काही अपवादात्मक मुदत नव्हे. पूर्वी या वीस वर्षांत डोंगर जागचा हलत नसे. तोडावयाची झाली तर पन्नास-साठ मजूर आणावे लागत, त्यांची झोपडी पडे, महिना-दोन महिने गावाच्या डोळ्यांसमोर काम चाले. तेवढ्यात कूळ तलाठ्याकडे धावे, मनाई आणी, निदान चार माणसे गोळा करून तोड अडवी. आता तीन-चार चेनसॉवाले आणि दोन ट्रॅक्टर शुक्रवारी संध्याकाळी येतात. शनिवार-रविवार कचेरी बंद. सोमवारी पंचनाम्याला माणूस निघेपर्यंत उतारावर फक्त खोडे शिल्लक असतात. दहा वर्षांनी कूळ दावा जिंकले तर त्याला उघडा कातळ मिळतो आणि पहिल्या पावसात वाहून आलेल्या मातीने बुजलेले खालचे खाचर. न्यायाच्या दिरंगाईने पूर्वी कुळाचा काळ जात असे. यंत्र आल्यापासून तीच दिरंगाई त्याची मालमत्ता हिरावून नेते. यंत्राचा वेग ज्याच्या हाती आहे त्याला न्यायालयाचा संथपणा फायद्याचा ठरतो, ही गोष्ट आमच्या वकील मित्रांनाही अजून पुरती उमगलेली नाही.

आदिवासी खातेदाराच्या मालकीच्या झाडांची गत याहून वेगळी नाही. सागाची जोमदार झाडे लग्नाच्या उचलीपायी उक्ती घालविली जातात, हे पाहूनच १९६९ साली आदिवासी भोगवटादारांच्या झाडांच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. विक्री सरकारी यंत्रणेच्या मध्यस्थीने व्हावी, पैसे खातेदारालाच मिळावेत, हा त्याचा हेतू. हेतू उत्तम होता. परंतु परवानगीच्या कागदाला वर्ष लागते आणि व्यापारी रोख पैसे घेऊन उंबऱ्यात उभा असतो. तेव्हा माणूस कोणाकडे वळेल हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आता काही जण डॉ. लोहियांचा हवाला देतील. १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात त्यांनी प्रचंड यंत्राच्या जागी लहान यंत्राचा पुरस्कार केला, आणि आमच्या पिढीवर त्या विचाराचा खोल संस्कार झाला. चेनसॉ हे त्या अर्थाने लहान यंत्रच आहे. पाच-सहा किलो वजनाचे, एका माणसाने चालविण्याजोगे, आणि कारखान्याच्या यंत्राच्या मानाने अल्प किमतीचे. मग लहान यंत्राबरोबर समता का आली नाही? आमचे नम्र मत असे की यंत्राचे आकारमान हा प्रश्नाचा एक पैलू झाला. ज्या संपत्तीवर ते चालते तिची मालकी जुन्याच हातांत राहिली, तर लहान यंत्रही जुन्याच मालकाची सेवा करते. गावोगाव आज एक नवा वर्ग दिसतो. दहावी-बारावी झालेला, बहुधा आदिवासी किंवा कुणबी घरातलाच तरुण कर्ज काढून चेनसॉ घेतो आणि नगावर काम घेतो. त्याला वाटते आपण धंदेवाईक झालो. वस्तुतः यंत्राची झीज त्याची, अपघात त्याचा, पावसाळ्यातले रिकामे चार महिने त्याचे आणि कर्जाचा हप्ताही त्याचाच. ठेकेदाराने भांडवलाची जोखीमसुद्धा मजुरावर ढकलली आहे. या तरुणाला दलाल म्हणून हिणविण्याचा मोह काही कार्यकर्त्यांना होतो. तो त्यांनी आवरावा; तो आपलाच माणूस आहे.

उक्त्या दराचा विषय निघालाच आहे तर त्यासंबंधी थोडे सांगितले पाहिजे. चेनसॉ धोक्याचे हत्यार आहे. पात्याचे टोक लाकडात अडकले की करवत उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. तिच्या सततच्या हादऱ्याने बोटांतला रक्तप्रवाह मंदावून ती पांढरी आणि बधिर पडतात, आणि आवाजाने कान जातात. आमच्याकडील मजूर पायांत चप्पल आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून हे यंत्र चालवितो. नगावर दर असला म्हणजे जो सावकाश, सावधपणे काम करील तो उपाशी राहील. स्वीडनसारख्या देशात, जेथे चांगल्या प्रतीची यंत्रे आणि बूट-शिरस्त्राणे होती, तेथील वनकामगारांनीसुद्धा १९७५ साली मोठा संप केला, आणि त्यांची मुख्य मागणी उक्ता दर रद्द करून मासिक वेतन मिळावे ही होती. यंत्र त्यांनी नाकारले नाही, यंत्राच्या जोडीने आलेली घाई नाकारली. आपल्याकडे कामावर झालेल्या अपघाताच्या भरपाईचा पहिला कायदा १९२३ सालचा, पण कुपातल्या मजुराचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते, आणि भरपाई नावाला मिळते, माणसाला नव्हे.

वनाधिकार कायद्याने हे सारे बदलले, असे कोणी म्हणेल. २००६ च्या त्या कायद्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. त्यामागे १९७० च्या भूमिमुक्ती आंदोलनात तुरुंगात गेलेल्यांची, त्यातूनच पालघरात पुढे आलेल्या भूमिसेनेची आणि कष्टकऱ्यांच्या कितीतरी संघटनांची पुण्याई आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या हजारो पायांचीही ती आठवण आहे. परंतु त्या कायद्यातील सामूहिक हक्कांचे शब्द बारकाईने वाचावेत. ग्रामसभेची मालकी गौण वनोपजावर आहे. तेंदू, मोह, डिंक, मध, बांबू त्यात आले. इमारती लाकूड त्यात नाही. म्हणजे जंगलातील सर्वांत मौल्यवान वस्तूचा खंड जेथे १८७८ साली गेला, तेथेच आजही जातो.

बांबूचे उदाहरण या दृष्टीने फार शिकविणारे आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी त्यासाठी किती वर्षे झगडा केला हे सर्वश्रुत आहे. तोडणारे हात तेच होते आणि बांबूही तोच. पूर्वी कागद गिरणीच्या तोडीवर ते मजूर म्हणून जात. परवान्याचे पुस्तक हाती येताच उभ्या बांबूची किंमत गावात राहू लागली. मजुरीचा दर तोडणाऱ्यांनीच बसून ठरवावयाचा आणि उरलेले ग्रामकोषात. तेथे उद्या कोणी यंत्र आणले तर त्याची बचत गावालाच मिळेल. हाच न्याय सागाला का लागू नये?

याला वन खात्याचे उत्तर ठरलेले आहे: गावकऱ्यांच्या हाती लाकूड दिले तर जंगल उरणार नाही. हे उत्तर कोणी द्यावे? १९७४ साली स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाने विदर्भात आणि अन्यत्र मिश्र जंगल साफ तोडून तेथे सागाचे मळे उभे केले. मोह गेला, चारोळी गेली, तेंदू गेला. परिणामी ज्या गावाला कायद्याने गौण वनोपजाची मालकी मिळाली, त्याच्या वाट्याला असे रान आले की ज्यात गौण वनोपजच नाही. १९९६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून मंजूर कार्य आयोजनेखेरीज तोड करता येत नाही, ही मर्यादा ग्रामसभेलाही लागू राहील आणि राहावी. गावातले सर्वच लोक साधू असतात असे आम्ही मानीत नाही. गावातही सरपंचाचा मेहुणा असतो. पण आपल्या झऱ्याच्या उगमावरची झाडे तोडली तर उन्हाळ्यात कोणाच्या घरातील बाई दोन मैल चालणार, हे ग्रामसभेला ठाऊक असते. लिलाव पुकारणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही.

तेव्हा पक्षाची भूमिका काय असावी? यंत्राविरुद्ध मोर्चा काढू नये. सामूहिक हक्काच्या क्षेत्रातील मंजूर तोडीच्या लाकडात ग्रामसभेचा निश्चित वाटा मागावा, आणि तो मजुरीच्या हिशेबात न घालता उभ्या झाडाच्या किमतीतून मागावा. जंगल कामगार संस्थांपैकी ज्या नाममात्र उरल्या आहेत त्या ग्रामसभांच्या देखरेखीखाली पुन्हा जिवंत कराव्यात, चेनसॉ आणि ट्रॅक्टर संस्थेच्या मालकीचे असावेत, चालविणाऱ्याला प्रशिक्षण, बूट, शिरस्त्राण आणि दिवसाचा पगार मिळावा. तो कर्जबाजारी तरुण संस्थेचा पहिला सभासद व्हावा. आणि ज्या जमिनीवर कुळाचा, दळीचा किंवा वनाधिकाराचा दावा प्रलंबित आहे, तेथे निकाल लागेपर्यंत एकही झाड तोडण्यास परवानगी मिळू नये, अशी सरळ तरतूद विधिमंडळाने करावी. या शेवटच्या मागणीला पैसा लागत नाही. तिला विरोध कोण करतो यावरून पुष्कळ गोष्टी उघड होतील.

कूप उघडण्यापूर्वी तालुका शाखांना एक काम करता येण्यासारखे आहे. आपल्या क्षेत्रात यंदा किती झाडांवर हातोड्याचा ठसा पडला, तोडणीचा दर काय ठरला, मागल्या हंगामातील लाकूड लिलावात किती रुपयांना गेले आणि त्यातून मजुरीपोटी किती वाटले गेले, हे चार आकडे वन खात्याच्या विभागीय कार्यालयातून माहितीच्या अधिकाराखाली मागावेत. ते हाती आले की ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि एक प्रत या साप्ताहिकाकडे पाठवावी. दाव्यात असलेल्या जमिनींचे गट क्रमांक मात्र त्याआधी, या महिन्यातच, तहसीलदार आणि वन परिक्षेत्र अधिकारी या दोघांनाही लेखी कळवून पोच घ्यावी.